चार माणसे, सहा सर्व्हिसेस: लहान टीमने साधेपणा मोजायचा कसा?

धागालेखक: उंबरठा

आमची टीम चार जणांची आहे. लहान व्यावसायिकांचा साठा आणि बिले सांभाळणारे एक सॉफ्टवेअर आम्ही सहा वर्षांपासून चालवतो. तीन वर्षांपूर्वी ग्राहक वाढू लागले, तेव्हा एकसंध असलेल्या त्या प्रोग्रामचे आम्ही सहा तुकडे, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या सहा सर्व्हिसेस, केले: लॉगिन, साठा, बिले, भरणा, सूचना आणि अहवाल. प्रत्येक सर्व्हिसचा डेटाबेस वेगळा, त्यांच्यात निरोपांची ने-आण करणारी क्यू, आणि अनेक मशीनवरचा हा सगळा संसार चालवायला कुबरनेटीस हे साधन. मोठ्या कंपन्या जे करतात ते आजच करून ठेवले की उद्या धावपळ होणार नाही, अशी आमची समजूत होती. गेल्या वर्षभरात आम्ही हे सगळे पुन्हा एकत्र आणले. त्यातून हाती आलेला एक मुद्दा येथे मांडतो. जाणकारांनी तो तपासून पाहावा.

हा निर्णय ज्या रात्री झाला तिच्यापासून सुरुवात करतो. अकराच्या सुमारास एका ग्राहकाने कळवले की त्याच्या गिऱ्हाइकांना प्रत्येक बिल दोनदा जात आहे. बिलांच्या सर्व्हिसच्या लॉगमध्ये बिल एकदाच तयार झालेले दिसत होते, सूचनांच्या लॉगमध्ये तेच बिल दोनदा पाठवल्याची नोंद होती, आणि क्यूमध्ये निरोप मात्र एकच टाकलेला होता. दोन सर्व्हरच्या घड्याळांत सुमारे दोन सेकंदांचा फरक असल्यामुळे, लॉग एकाखाली एक लावले की बिल तयार होण्यापूर्वीच ईमेल गेल्याचे दिसे. या एका भासापायी आमचा दीड तास गेला. पहाटे तीनला उलगडा झाला. सूचनांची सर्व्हिस ईमेल पाठवून झाल्यावर, पण क्यूला पोच देण्यापूर्वी, मेमरी संपल्यामुळे बंद पडून पुन्हा सुरू होत होती. पोच न मिळाल्याने क्यू तोच निरोप पुन्हा हाती ठेवत होती. यात क्यूचे काहीच चुकले नव्हते. निरोप किमान एकदा पोहोचेल एवढीच हमी तिने दिलेली होती, तो एकदाच पोहोचेल अशी नव्हे. हा फरक आमच्यापैकी ज्या एका सहकाऱ्याला ठाऊक होता, तो त्या आठवड्यात रजेवर होता.

माझा मुद्दा त्या रजेपाशी आहे. साधेपणाची चर्चा निघाली की आपण कोडच्या ओळी मोजतो, फायली मोजतो, फार तर फंक्शनमधील फाटे मोजतो. चार जणांच्या टीमसाठी मला आता एकच मोजमाप उपयोगाचे वाटते: यंत्रणेतील प्रत्येक घटक आतून माहीत असलेली किमान दोन माणसे टीममध्ये आहेत का? नसतील, तर तो घटक कितीही उत्तम असला तरी आपल्याला पेलणारा नाही. संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली दाखवून दिलेला हिशेब प्रसिद्धच आहे. माणसे वाढली की त्यांच्यातील संवादाच्या जोड्या त्याहून वेगाने वाढतात. चार माणसांत सहा जोड्या होतात, तर दहा माणसांत पंचेचाळीस. लहान टीमची खरी श्रीमंती या सहा जोड्यांत असते. आम्ही मात्र सहा सर्व्हिसेस उभ्या करून पंधरा जोड्यांची शक्यता निर्माण केली होती. माणसे एकमेकांशी बोलत होती त्याहून अधिक वाटांनी आमचे प्रोग्राम एकमेकांशी बोलत होते, आणि त्यांचे बोलणे ऐकायला कोणी मोकळे नव्हते.

शिवाय काहीही न करण्याचीही किंमत असते. कुबरनेटीसच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येक आवृत्तीला जेमतेम चौदा महिने आधार मिळतो. म्हणजे आपण उत्पादनात एकही ओळ बदलली नाही, तरी वर्षातून एकदा हे अद्ययावत करण्याचे काम चुकत नाही. शंभर जणांच्या कंपनीत त्यासाठी वेगळी माणसे असतात. आमच्याकडे ते काम करणारा तोच असतो जो बिलातील कराची चूक दुरुस्त करणार असतो.

आता एक प्रोग्राम आहे आणि एक पोस्टग्रेस डेटाबेस आहे. क्यूच्या जागी 'कामे' नावाचे एक टेबल आहे. कामे उचलणारी प्रक्रिया 'सिलेक्ट फॉर अपडेट स्किप लॉक्ड' वापरून दुसऱ्याने न धरलेली ओळ उचलते. ही सोय पोस्टग्रेसमध्ये २०१६ साली आलेल्या ९.५ आवृत्तीपासून आहे, आणि तिची माहिती असती तर क्यू आणलीच नसती असे आज वाटते. सर्वांत मोठा लाभ वेगळाच झाला. बिलाची नोंद आणि ते पाठवण्याचे काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे लिहिले जाते किंवा काहीच नाही, अशा एका व्यवहारात) लिहिले जाते, त्यामुळे बिल नोंदले गेले पण पाठवायचे राहून गेले, किंवा पाठवले पण नोंदच नाही, या दोन्ही अवस्था संभवतच नाहीत. पूर्वी याच दोन अवस्था निस्तरण्यासाठी लिहिलेला सुमारे नऊशे ओळींचा कोड आम्ही एका दुपारी काढून टाकला.

दोन माणसांचे हे मोजमाप इतरांना पटते का? आणि ते कुठे तोकडे पडते?

प्रतिसाद: रात्रपाळी

मोजमाप पटले, पण त्याचा अर्थ 'सर्वांना माहीत असलेलेच तंत्रज्ञान घ्यावे' असा लावला जाऊ नये, म्हणून लिहितो. २०१२ साली फेसबुकने इन्स्टाग्राम विकत घेतले तेव्हा तेथे केवळ तेरा कर्मचारी होते आणि त्यांची यंत्रणा जँगो, पोस्टग्रेस, रेडिस अशा परिचित गोष्टींवर उभी होती. हे उदाहरण सगळेच देतात. मात्र २०१४ साली फेसबुकने व्हॉट्सॲपही विकत घेण्याचा व्यवहार केला तेव्हा महिन्याला ४५ कोटी वापरकर्त्यांचा भार सुमारे बत्तीस अभियंते सांभाळत होते, आणि त्यांचा सर्व्हर एर्लांगमध्ये लिहिलेला होता. ती भाषा फारशी कोणाला येत नाही. टेलिफोन एक्स्चेंजसाठी ती एरिक्सनमध्ये जन्मली, आणि लाखो जोडण्या एकाच वेळी उघड्या ठेवणे हाच तिचा मूळ पिंड आहे. त्या टीमला ती नीट येत होती आणि काम नेमके तसेच होते.

तात्पर्य, लोकप्रियता आणि परिचय या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या टीममध्ये तिघांना एर्लांग येत असेल तर तुमच्याच नियमाने ते साधे तंत्रज्ञान ठरते. उलट जगभर वापरले जाणारे एखादे साधन आपल्याकडे एकालाच येत असेल, तर आपल्या घरात ते परकेच.

प्रतिसाद: अर्धविराम

मी काहीशी विरोधात आहे. साधे आणि सोपे यांत फरक आहे, आणि या धाग्यात त्यांची सरमिसळ होत आहे असे मला वाटते. जे हाताशी आहे ते सोपे. ज्यात एका गोष्टीचा दुसऱ्या गोष्टीत गुंता नाही ते साधे. सगळे एका प्रोग्रामात आणि एका डेटाबेसमध्ये ठेवणे सोपे असते खरे, पण तेथूनच गुंता सुरू होतो. मी ज्या टीममध्ये होते तेथे अहवाल लिहिणाऱ्याने थेट साठ्याच्या टेबलांवर क्वेरी (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) लिहिल्या, कारण टेबले समोर दिसत होती. दोन वर्षांनी साठ्याच्या टेबलातील एका स्तंभाचे नाव बदलायचे ठरले, तेव्हा सतरा अहवाल मोडले. त्यातले चार कोण वापरते हे कोणालाच सांगता आले नाही. ती टेबले वेगळ्या सर्व्हिसमागे असती तर हा मोह झालाच नसता.

संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली मांडलेले निरीक्षण येथे लागू पडते: संस्थेत संवादाची जशी रचना असते, तशीच रचना तिने घडवलेल्या यंत्रणेत उतरते. सगळे एकाच खोलीत बसून एकमेकांना विचारत काम करतात, म्हणून कोडमध्येही भिंती उरत नाहीत. नंतर एखादा जण सोडून जातो आणि त्या न बांधलेल्या भिंतींची किंमत कळते.

दुसरे असे की काही कामे खरोखरच वेगळी असावी लागतात. आमच्याकडे मोठ्या अहवालाची पीडीएफ तयार होताना सगळी मेमरी खाल्ली जाई आणि त्या वेळी लॉगिनसुद्धा बंद पडे. हे एकाच प्रोग्रामात ठेवून कसे सोडवणार?

प्रतिसाद: उंबरठा

अर्धविराम, तुमचा पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. एकत्र आणताना सर्वाधिक वेळ त्यातच गेला. आम्ही पोस्टग्रेसमध्येच प्रत्येक विभागासाठी वेगळी स्कीमा (टेबलांचा वेगळा कप्पा) ठेवली आहे, आणि अहवालांच्या विभागाला साठ्याची मूळ टेबले वाचण्याची परवानगीच दिलेली नाही; त्याला केवळ ठरवून दिलेले व्ह्यू, म्हणजे मूळ टेबलांवरून बनवलेली दर्शनी टेबले, दिसतात. स्तंभाचे नाव बदलले तरी व्ह्यू तोच राहतो. कोडच्या पातळीवर, एका विभागाने दुसऱ्याच्या आतील फाइल आयात केली तर टेस्ट नापास होते. ही टेस्ट चाळीस ओळींचीही नाही. भिंत हवीच, पण ती नेटवर्कचीच असली पाहिजे असे नाही. नेटवर्कची भिंत घातली की साध्या फंक्शनला बोलावण्याच्या जागी वेळ संपणे, पुन्हा प्रयत्न करणे, अर्धवट यश येणे असे सगळे प्रश्न सोबत येतात, आणि ते सोडवण्याचे कष्ट गुंता टाळण्याच्या कष्टांहून मोठे असतात.

पीडीएफचा त्रास आम्हालाही झाला. तेथे उपाय असा केला की तोच कोड, तोच रिलीज, पण दुसऱ्या मशीनवर केवळ पीडीएफची कामे उचलणारी प्रक्रिया चालते. ती मेमरी संपून पडली तरी लॉगिनला धक्का लागत नाही. वेगळी प्रक्रिया आणि वेगळी सर्व्हिस यांतला हा फरक आम्हाला आधी सुचला असता तर बरे झाले असते.

प्रतिसाद: तळटीप

घटक मोजायचे तर आपण न लिहिलेले घटकही मोजावे लागतील. २०१६ सालच्या मार्चमध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या तयार कोडच्या भांडारावरून 'लेफ्ट-पॅड' नावाचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले आणि असंख्य प्रकल्पांचे बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बनवण्याचे काम, कोसळले. मजकुराच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणारा तो अकरा ओळींचा कोड होता. ज्यांचे बिल्ड मोडले त्यांतील बहुतेकांना आपण तो वापरतो हेही ठाऊक नव्हते, कारण त्यांनी घेतलेल्या लायब्ररीने घेतलेल्या लायब्ररीने तो घेतला होता.

याहून गंभीर प्रकार २०२४ सालच्या मार्चमध्ये उघडकीस आला. 'एक्सझेड' या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनात चोरवाट पेरण्यात आली होती. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्याच एका विकासकाला सर्व्हरवर दूरस्थ लॉगिन सुमारे अर्ध्या सेकंदाने मंदावलेले जाणवले, त्याने पाठपुरावा केला आणि म्हणून ते सापडले. त्या साधनाची देखभाल वर्षानुवर्षे प्रामुख्याने एकटा स्वयंसेवक करत होता आणि त्याच्या थकव्याचा फायदा घेऊनच दुसऱ्याने आत प्रवेश मिळवला होता. म्हणजे उंबरठा यांचा दोन माणसांचा नियम आपल्या टीमबाहेरही लावता येतो.

आमच्याकडे नवी लायब्ररी घ्यायची असेल तर घेणाऱ्याने आधी तिचा कोड उघडून आपल्याला हवा तेवढा भाग वाचावा, अशी प्रथा आहे. अर्ध्या वेळी तो भाग वीस ओळींचा निघतो आणि आपणच लिहून मोकळे होतो. याला अपवाद ठरलेले आहेत: कूटलेखन, वेळक्षेत्रांसह तारखांचे हिशेब आणि फाइलींच्या किचकट स्वरूपांचे वाचन. या तीन ठिकाणी स्वतः लिहिण्याचा मोह म्हणजे साधेपणाच्या नावाखाली केलेला आगाऊपणा होय.

प्रतिसाद: नवी पाटी

धागा वाचून एक प्रश्न पडला. रचना साधी ठेवणे आपल्या हातात असते, पण मागण्या नसतात. दर आठवड्याला एखाद्या ग्राहकाला काहीतरी वेगळे हवे असते आणि आमचे वरिष्ठ म्हणतात, "सेटिंगमध्ये एक पर्याय टाकून दे, ज्याला हवे तो चालू करील." याला नकार कसा द्यावा?

प्रतिसाद: जुने खोड

नवी पाटी, तुमच्या वरिष्ठांना एक गणित करून दाखवा. हो-नाही प्रकारचे दहा पर्याय टाकले की यंत्रणेच्या १०२४ वेगवेगळ्या अवस्था होतात. वीस टाकले की दहा लाखांहून अधिक. त्यातल्या किती अवस्था कोणी तपासल्या आहेत, एवढेच विचारा. मी सांभाळत असलेल्या एका उत्पादनाच्या सेटिंग पानावर त्रेचाळीस चौकटी होत्या. एकदा आम्ही डेटाबेसमधून नुसते मोजले, की प्रत्येक चौकट किती ग्राहकांनी मूळ स्थितीपासून बदलली आहे. अकरा चौकटींना कोणीही हात लावलेला नव्हता. सहा चौकटी एकेकाच ग्राहकाने बदलल्या होत्या, आणि त्यांतील दोन ग्राहक केव्हाच सोडून गेले होते. हे मोजायला एक क्वेरी आणि अर्धा तास लागला. त्या चौकटी हटवायला मात्र चार महिने लागले, कारण प्रत्येकीच्या मागे 'कोणाला तरी लागेल' असे म्हणणारे कोणीतरी होतेच.

थेट नकार देण्यापेक्षा मी ग्राहकाला दोन गोष्टी विचारतो: हे आत्ता तुम्ही कसे भागवता, आणि आठवड्यातून किती वेळा? ज्याला खरी अडचण असते तो तपशिलाने सांगतो, स्प्रेडशीट उघडून दाखवतो. ज्याला नुसतेच सुचलेले असते तो दुसऱ्या दिवशी विसरतो. मी अशी मागणी लिहून ठेवतो आणि तिसऱ्या वेगळ्या ग्राहकाकडून ती येईपर्यंत कोडला हात लावत नाही. वरिष्ठांचा राग यात काही वेळा सोसावा लागतो, ते मान्य आहे.

जुने पर्याय नुसते पडून राहिले तर काय बिघडते, असेही कोणी म्हणेल. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या अमेरिकन कंपनीत जे घडले ते अशांनी जरूर वाचावे. २००३ पासून वापरात नसलेला एक कोड त्यांच्या सर्व्हरवर तसाच पडून होता. नव्या कामासाठी त्यांनी त्याच कोडचा जुना फ्लॅग (चालू-बंद करण्याची खूण) पुन्हा वापरला. आठ सर्व्हरपैकी सातांवर नवा कोड गेला, आठव्यावर टाकायचा राहिला. बाजार उघडल्यावर फ्लॅग चालू झाला आणि आठव्या सर्व्हरवरचा तो मृत कोड जागा होऊन ऑर्डरी सोडत सुटला. सुमारे पंचेचाळीस मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले आणि कंपनीचे स्वतंत्र अस्तित्व पुढे फार काळ टिकले नाही. कोड न वापरणे आणि कोड नसणे यांतले अंतर इतके महाग पडू शकते.

जाता जाता उंबरठा यांना एक सावधगिरीची सूचना. साधेपणाच्या ओढीने सगळे नव्याने लिहायला बसू नका. ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपने १९९८ साली तसे ठरवले आणि पुढची मोठी आवृत्ती २००० सालच्या अखेरीस आली. तोवर ब्राउझरचा बाजार दुसऱ्याच्या हाती गेला होता. तुम्ही एकेक सर्व्हिस आत घेत गेलात असे दिसते. क्रम कसा लावलात?

प्रतिसाद: रात्रपाळी

क्रमाबरोबरच हेही सांगावे: ईमेल दोनदा जाणे पूर्ण थांबले का? ईमेल पाठवणे डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनमध्ये बसत नाही, म्हणून विचारतो. आणि काम अर्धवट असताना प्रक्रिया मेली तर ती ओळ पुन्हा कोण उचलतो?

प्रतिसाद: उंबरठा

क्रम असा: ज्या सर्व्हिसवर बाकीच्या सर्वांत कमी अवलंबून होत्या ती आधी, म्हणजे अहवाल, आणि लॉगिन सर्वांत शेवटी. प्रत्येक वेळी आधी डेटा हलवला, काही आठवडे जुनी सर्व्हिस नव्या टेबलांवरच चालवली, आणि मग कोड आत घेतला. एकूण सात महिने लागले, आणि त्या काळात ग्राहकांच्या मागण्यांचे कामही चालूच होते.

मेलेल्या प्रक्रियेबाबत: लहान कामांत ओळ धरून ठेवणारे ट्रान्झॅक्शन उघडे असते, त्यामुळे जोडणी तुटली की कुलूप आपोआप सुटते आणि दुसरी प्रक्रिया ते काम उचलते. बाहेरच्या सर्व्हरशी बोलावे लागते अशा कामांत ट्रान्झॅक्शन तितका वेळ उघडे ठेवणे योग्य नाही, कारण ते लांबले की डेटाबेसला जुन्या ओळींची सफाई करता येत नाही आणि टेबल फुगत जाते. तेथे आम्ही 'चालू आहे' अशी खूण आणि वेळ लिहून ट्रान्झॅक्शन मिटवतो; पाच मिनिटांत काम पूर्ण झाल्याची नोंद आली नाही तर ते पुन्हा उचलले जाते.

आणि नाही, दोनदा जाणे पूर्ण थांबलेले नाही. गेल्या महिन्यात पुन्हा एकदा बिले दोनदा गेली. मेल सर्व्हर उत्तर द्यायला बारा सेकंद घेत होता आणि आम्ही दहा सेकंदांनी 'पाठवता आले नाही' असे मानून पुन्हा प्रयत्न करत होतो. प्रत्यक्षात पहिला ईमेल गेलेला होता. बाहेरचा सर्व्हर मध्ये आला की एकतर क्वचित दोनदा जाणार किंवा क्वचित जाणारच नाही, यांतून एक निवडावे लागते. बिलांसाठी आम्ही दोनदा जाणे पत्करले आहे आणि प्रत्येक ईमेलवर बिलाचा क्रमांक ठळक छापतो. वसुलीच्या स्मरणपत्रांसाठी उलट निवड केली आहे, कारण एकाच दिवशी दोन स्मरणपत्रे मिळालेला माणूस चिडून फोन करतो. या वेळी कारण शोधून काढले ते चार महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या सहकारी मुलीने, 'कामे' टेबलातील एकाच ओळीच्या वेळा पाहून. ती मला सांगायला आली तेव्हा माझा चहा अजून गरम होता.